लेबलं गळालेल्या सात कवट्या: ओळखायला मदत हवी

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. इथल्याच एका कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग बंद झाला आणि तिथला एक लाकडी खोका फिरत फिरत आमच्या प्रयोगशाळेत आला. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या कवट्या. एकेकाळी प्रत्येकीला लेबल असणार, पण डिंक वाळला, कसर लागली, आणि आता खोक्याच्या तळाशी नुसता चिठ्ठ्यांचा चुरा आहे. त्यातल्या दोनच वाचता येतात: ‘ऑल्डुवाय’ आणि ‘हरितल्यांगर’. कुठली कुणाची ते कळायला मार्ग नाही.

फोटो जोडले आहेत, तरी शब्दांत सांगतो. पहिली सगळ्यात मोठी. टाळूवर मधोमध हाडाची उभी धार, मागे ती एका आडव्या धारेला जाऊन मिळते. सुळे माझ्या करंगळीपेक्षा जाड. दुसरीलाही टाळूवर धार आहे पण बुटकी, आणि चेहरा सपाट, किंबहुना मधे खोलगट, परातीसारखा. दाढा अवाढव्य, पुढचे दात मात्र किरकोळ. खालचा जबडा नाही. तिसरी लहान आहे: पुढे चेहरा आणि जबडा, पण मागे कवटीच्या जागी वळ्या असलेला गोळा. चौथी जेमतेम पाच सेंटिमीटर, निम्मी जागा डोळ्यांच्या खोबणींनीच खाल्लेली. पाचवी म्हणजे कवटी नव्हेच, वरच्या जबड्याचा एक तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवलाय आणि ठोकळ्यावर कुणीतरी शाईने दातांची पूर्ण कमान रेखून ठेवली आहे. सहावी नुसतं वरचं झाकण, भुवईपासून मानेपर्यंत. चेहरा नाही, तळ नाही. सातवी प्लास्टरची वाटत नाही. पिवळट, हलकी, दातांवर काळपट डाग.

कोण कोणाची? आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ‘माकड ते माणूस’ अशी रांग लावायचा विचार आहे, तर क्रम काय ठेवू?

गुगलपंडित

पहिली गोरिला, डोळे झाकून सांगतो. सहावी निअँडरथल. तिसरी माणसाच्या बाळाची दिसते, मेंदू उघडा ठेवलाय म्हणजे वैद्यकीय मॉडेल असणार. चौथी वटवाघूळ?

अस्थिपंजर

सर, फोटो छान आहेत, पण सगळे समोरून काढलेत. चेहरा बघून कवटी ओळखायला जाणं म्हणजे फसायची तयारी ठेवणं. वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तोंडी परीक्षेला मुलांच्या हातात कवटी दिली की ती तिच्या डोळ्यांत डोळे घालून बसायची. मग मी ती उलटी करून परत हातात द्यायचे. खरं काय ते तळाशी आणि डोळ्यांच्या मागे असतं. चेहरा आणि जबडा खाण्यापिण्यानुसार फार लवकर बदलतात, आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या प्राण्यांत सारखेही होऊन बसतात.

तेव्हा आधी तीन कामं करा, मग बोलू.

एक. पहिल्या दोन कवट्या उलट्या ठेवा. दोन्ही कानांच्या भोकांवरून आडवी दोरी ताणा. मज्जारज्जू ज्यातून खाली उतरतो ते मोठं भोक, फोरामेन मॅग्नम, त्याची पुढची कड दोरीपासून किती लांब पडते ते बघा. तीच गोष्ट तुमच्या शाळेतल्या माणसाच्या सांगाड्यावर करा. बहुतेक शाळांत तो कपाटात असतोच.

दोन. चौथ्या आणि सातव्या कवटीत एक बारीक काडी डोळ्याच्या खोबणीतून बाजूला, कानशिलाच्या दिशेने घाला. आरपार जाते की आत हाडाची भिंत लागते? हळू हाताने करा, तिथलं हाड कागदाइतकं पातळ असतं.

तीन. सातवीची जिथे कड फुटली असेल ती भिंगाखाली बघा. आतून जाळीदार दिसली तर हाड. साच्यातून काढलेलं प्लास्टर असेल तर बारीक बुडबुडे दिसतील आणि बाजूने जोडाची रेघ सापडेल.

गुगलपंडित, वटवाघळाला टोला लगावलात तेवढा बस. तिसरी माणसाच्या बाळाचीही नाही.

खडूफळा

मॅडम, आज मधल्या सुट्टीत नववीच्या मुलांना घेऊन सगळं केलं.

दोरी: माणसाच्या कवटीत भोकाची पुढची कड जवळजवळ दोरीखालीच येते. पहिलीत भोक दोरीच्या बरंच मागे, आणि त्याचं तोंडही खाली नाही, तिरकं मागे. दुसरी बघून आम्ही चाट पडलो. चेहरा असा रानटी, टाळूवर धार, आणि भोक मात्र माणसासारखं पुढे!

काडी: चौथीत आरपार गेली. डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाची एक कमान आहे, पण तिच्यामागे सगळं मोकळं. सातवीत भिंत लागली.

भिंग: सातवी जाळीदार. म्हणजे खरं हाड. एका मुलीने लगेच हात धुतले.

अस्थिपंजर

शहाणी मुलगी.

आता सांगते. चौथी लोरिसची, म्हणजे रात्री झाडांवर हिंडणाऱ्या एका छोट्या प्राण्याची. डोळ्यामागे नुसती कमान असणं ही लेमूर, लोरिस, गॅलॅगो या मंडळींची खूण. माकडं, वानरं, कपी (म्हणजे गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान ही बिनशेपटीची मंडळी) आणि आपण यांच्यात त्या कमानीमागे पूर्ण हाडाची भिंत असते. दाढा चावताना कानशिलाचा स्नायू फुगतो, तो या भिंतीमुळे डोळ्याच्या गोळ्याला धक्का देत नाही. डोळे एवढे मोठे म्हणून टार्सिअर, आग्नेय आशियातला तसाच चिमुकला प्राणी, असेल का, असं मला आधी वाटत होतं. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा भरतो. पण टार्सिअरला ती भिंत बरीचशी असते, काडी अशी सहज जाणार नाही. खातरी करायची तर खालच्या जबड्याचे पुढचे दात बघा: सहा बारीक दात पुढे आडवे झोपलेले असतील. ती दंतफणी, अंगावरचे केस विंचरायला. टार्सिअरला ती नसते. खालच्या जबड्याचे दोन अर्धे हनुवटीपाशी एकजीव झालेले नसतील, तेही दाखवा मुलांना. आपल्यात ते जन्मानंतर पहिल्या वर्षातच जुळून जातात.

पहिली नर गोरिला, हे गुगलपंडितांचं बरोबर आहे. टाळूवरच्या धारेचं कारण मात्र मुलांना नीट सांगा, कारण पुष्कळ लोकांना ती नुसती रुबाबासाठी वाटते. मुलांना दोन बोटं कानशिलावर ठेवून दाढा घट्ट आवळायला सांगा. हाताखाली जो स्नायू टणक होतो तो टेंपोरॅलिस. आपल्यात तो कानशिलावरच संपतो, कारण आपली कवटी मोठी आणि जबडा लहान. गोरिलाचं उलट: मेंदू पाचशे घनसेंटिमीटरच्या आसपास आणि जबडा प्रचंड. स्नायूला चिकटायला जागा पुरेना, दोन्ही बाजूंचे स्नायू चढत चढत टाळूवर भेटले, आणि मधे हाडाची धार उभी राहिली. म्हणून गोरिलाच्या पिल्लाला ती नसते, मादीला अगदी थोडी किंवा नसतेच, आणि वयात आलेल्या नराला भरघोस. तेव्हा ‘धार आहे म्हणजे अमुक जात’ असं कधी म्हणू नये. ती त्या एका जीवाच्या चावण्याचा हिशेब आहे.

आता दुसरी. तुमच्या ‘ऑल्डुवाय’ची चिठ्ठी हिचीच. टांझानियातल्या ऑल्डुवाय घळीत १७ जुलै १९५९ ला मेरी लीकी यांना ती सापडली. त्यांचे पती लुई लीकी त्या दिवशी तापाने तंबूत पडून होते. त्यांनी नाव ठेवलं झिंजॅन्थ्रोपस, लाडाने झिंज. आज म्हणतात पॅरॅन्थ्रोपस बॉइसाय. वय साधारण साडेसतरा-अठरा लाख वर्षं, मेंदू गोरिलाएवढाच. पण धारेची जागा बघा: गोरिलाची मागे मानेकडे जाऊन आडव्या धारेत मिसळते, झिंजची पुढे आहे. म्हणजे स्नायूचे पुढचे धागे जास्त जोर करत होते. गालाची हाडं तर नाकाच्याही पुढे आली आहेत, तुमची परात त्यामुळेच. सगळा जोर दाढांवर सरळ खाली पडावा अशी ही रचना आहे. दाढा बघून लोकांनी ‘नटक्रॅकर मॅन’ म्हणून टाकलं, म्हणजे कठीण कवचाची फळं फोडून खाणारा. पुढे दातांवरचे सूक्ष्म ओरखडे तपासले तर फोडाफोडीच्या खुणा मिळेनात, आणि दातांच्या मुलाम्यातल्या, म्हणजे वरच्या कठीण आवरणातल्या, कार्बनवरून २०११ मध्ये निघालं की हा गडी मुख्यतः गवत किंवा लव्हाळ्यांच्या जातीच्या वनस्पतींवर जगत होता. फोडत नव्हता, दिवसभर रवंथ केल्यासारखा दळत होता!

आणि हाच प्राणी दोन पायांवर चालत होता. तुमच्या दोरीने दाखवलं ते हेच. कणा सरळ कवटीच्या खाली आला की डोकं त्याच्यावर तोललं जातं, मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागत नाही. समोरून बघितलं असतं तर मुलांनी झिंजला गोरिलाशेजारीच बसवलं असतं.

सातवीत मला चारच गोष्टी हव्यात: प्रत्येक बाजूला उपदाढा किती, दाढांवर उंचवटे कसे, दोन डोळ्यांमधलं अंतर, आणि सुळा शाबूत असेल तर त्याची पुढची बाजू.

खडूफळा

उपदाढा दोन-दोन. दाढांवर चार टोकदार उंचवटे, दोन-दोन जोडून आडव्या कडा झाल्यासारखे. डोळ्यांमधे माझं बोट आरामात बसतं. जबड्याचा मागचा कोपरा चांगला रुंद. वरचा एक सुळा आहे, लांब, आणि पुढून वरपासून खालपर्यंत खाच. शेवटची दाढही पूर्ण आलेली, झिजलेली.

अस्थिपंजर

मग वानर आहे, आपल्याकडचं काळ्या तोंडाचं. वयात आलेला नर, हुप्प्या. उपदाढा दोन म्हणजे जुन्या जगातला. अमेरिकेतल्या माकडांना त्या तीन असतात. दाढांवर दोन आडव्या कडा म्हणजे कपी नव्हे, माकडकुळातला. कप्यांच्या आणि आपल्या खालच्या दाढांवर पाच उंचवटे आणि त्यांच्यामधल्या चरांची इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती असते. लाल तोंडाच्या माकडाचं मुस्कट लांब आणि डोळे जवळजवळ असतात. वानराचं तोंड आखूड, डोळ्यांत अंतर आणि जबडा खोल, कारण पाला चावून बारीक करायचा असतो. सुळ्याला धार खालच्या पहिल्या उपदाढेवर घासून येते. ती उपदाढ तिरकी, पुढून उतरती असेल, बघून घ्या. ही जोडी आपल्या पूर्वजांत हळूहळू मोडत गेली आणि सुळा बोथट झाला. जीवाश्मात नुसता सुळा आणि ती उपदाढ मिळाली तरी आम्ही खूश होतो ते त्यासाठी.

एक मात्र ऐका. खरं हाड आहे तर हौसेने मांडून ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. कॉलेजच्या जुन्या साठानोंदवहीत तिची नोंद सापडते का विचारा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवा. ते सांगतील तसं करा. तोवर कपाटात, कुलपात.

गुगलपंडित

मॅडम, मग तिसरी कोणाची? आणि सहावी निअँडरथल का नाही? भुवई तर तशीच आहे.

अस्थिपंजर

तिसरी टाउंगचं मूल. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्या खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे, प्लास्टरची असली तरी.

दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे चुनखडीची खाण होती. १९२४ च्या अखेरीस तिथले दगड जोहान्सबर्गला रेमंड डार्ट यांच्याकडे आले. डार्ट माझ्यासारखेच शरीररचनेचे मास्तर. त्यांना आधी दिसला तो तुमचा ‘वळ्यांचा गोळा’. कवटीत गाळ शिरून तो दगड झाला आणि मेंदूच्या आतल्या बाजूचा आपसूक साचा पडला. चेहरा दुसऱ्या दगडात अडकलेला होता. तो त्यांनी बायकोच्या विणकामाच्या सुया घासून त्याच वर्षीच्या नाताळाच्या सुमारास मोकळा केला. फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख, आणि नाव ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस.

तुमच्या प्रतीत दात बघा. दुधाचे सगळे जागेवर, आणि त्यांच्यामागे कायमची पहिली दाढ नुकतीच वर आलेली. आपल्या मुलांना ती साधारण सहाव्या वर्षी येते, म्हणून डार्टनी सहा वर्षांचं धरलं. पुढे दातांच्या वाढीच्या बारीक रेषा मोजायला आल्या तेव्हा वय साडेतीन-चारपर्यंत खाली आलं. म्हणजे त्याचं बालपण आपल्यासारखं लांबलेलं नव्हतं, चिंपांझीच्या घाईने चाललेलं होतं. दुधाचे सुळे मात्र लहान आहेत, ते कपीचे नव्हेत.

डार्ट म्हणाले, कणा कवटीला पुढे मिळतो, म्हणून हे मूल ताठ चालत असणार. लंडनचे दिग्गज, त्यात सर आर्थर कीथ पुढे, म्हणाले की कपीचं पिल्लू आहे. आणि त्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता, हे आमच्यासारख्यांनी कबूल केलं पाहिजे! पिल्लांचा चेहरा लहान, कपाळ गोल, भोकही मोठ्यांच्या मानाने पुढे असतं. वाढताना जबडा पुढे जातो आणि भोक मागे पडल्यासारखं होतं. चिंपांझीचं तान्हं पिल्लू आणि त्याची आई शेजारी ठेवा, पिल्लूच आपल्याला जवळचं वाटेल. निकाल लागायला त्याच जातीतल्या मोठ्यांच्या कवट्या लागल्या. १९३६ पासून जीवाश्म शोधणाऱ्या रॉबर्ट ब्रूम यांना त्या मिळत गेल्या आणि १९४७ मध्ये स्टेर्कफोंटेनला मिसेस प्लेस नावाने गाजलेली कवटी हाती आली. तेव्हा कुठे डार्टना न्याय मिळाला. अलीकडे त्या मुलाच्या डोळ्यांच्या खोबणींत गरुडाच्या नखांसारख्या खुणा ओळखल्या गेल्या. शिकारी पक्ष्याने उचलून नेलं असावं.

लंडनकरांचं मन आधीच बनलेलं होतं, त्याचं कारण पिल्टडाउन. १९१२ मध्ये इंग्लंडात एक ‘आदिमानव’ निघाला: मेंदू माणसाएवढा, जबडा कपीचा. मेंदू आधी वाढला, बाकी मागाहून बदललं, असं ज्यांना वाटत होतं त्यांना आयतंच सापडलं. टाउंगचं बरोबर उलट सांगत होतं. १९५३ मध्ये उघड झालं की पिल्टडाउनची कवटी आजच्या माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले आणि रंग लावून जुना केलेला. यातला माझा आवडता भाग असा: जबडा कवटीला जिथे बसतो ती सांध्याची गाठच भामट्याने मोडून टाकली होती. तेवढी शाबूत राहिली असती तर कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाने जबडा कवटीला लावून बघितला असता आणि तो बसला नसता. भामट्याला शरीररचना येत होती, एवढं नक्की!

सहावी: निअँडरथलच्या भुवयांना दोन कमानी असतात, प्रत्येक डोळ्यावर एक. तुमच्या फोटोत सरळ आडवी पट्टी आहे आणि तिच्यामागे कवटी दोन्ही बाजूंनी चिमटलेली. शिवाय वरून मोजा. निअँडरथल लांबुडका आणि बसका असला तरी मेंदू आपल्याएवढा, कित्येकदा थोडा जास्तच. हे झाकण नऊशे घनसेंटिमीटरच्या आसपासचं आहे. हा जावामानव. युजीन डुबॉइस, डच सैन्यातला डॉक्टर, ‘मधला दुवा’ शोधायचाच म्हणून इंडोनेशियात गेला आणि १८९१ मध्ये सोलो नदीच्या काठी ट्रिनिलला त्याला हे मिळालं. आजचं नाव होमो इरेक्टस.

पाचवी ज्यांना खडक कळतात त्यांच्यासाठी ठेवते.

दगडगोटे

मॅडम, बोलावलंत म्हणून आलो! मी भूशास्त्रवाला. हरितल्यांगर हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात आहे, कॉलेजच्या सहलीत गेलोय. शिवालिकच्या टेकड्या, लाल-करडी माती आणि वाळूच्या खडकांचे तिरके थर. पावसाळ्यानंतर उतारावर दातांचे तुकडे उघडे पडतात, पण आमच्या हाती आला तो एका कासवाच्या पाठीचा तुकडा.

१९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना तिथे वरच्या जबड्याचा उजवा तुकडा मिळाला. १९३४ मध्ये त्यांनी नाव दिलं रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस. त्यांनी सुग्रीवपिथेकस असंही एक नाव ठेवलं होतं; शिवापिथेकस हा शिवालिकमधलाच दुसरा जीवाश्म कपी आधीपासून होताच. सगळं रामायण. साठच्या दशकात एल्विन सिमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी मांडलं की रामापिथेकस हाच माणसाच्या शाखेचा पहिला पूर्वज, दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. आमच्या वडिलांच्या वेळी हे पाठ्यपुस्तकात होतं, परीक्षेत विचारत. भारतात माणसाचा उगम म्हटल्यावर कुणाला नको होतं?

मग १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली आणि माणूस-चिंपांझी फारकत पन्नास लाख वर्षांपूर्वीची ठरवली. हाडंवाले खवळले. शेवटी पोटवारच्या पठारावर, पाकिस्तानात, शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, नोंद क्रमांक जीएसपी १५०००, आणि १९८२ मध्ये पिलबीम यांनीच तो छापला. चेहरा थेट ओरांगउटानच्या वळणाचा. रामापिथेकस म्हणजे शिवापिथेकसचीच लहान चणीची, बहुधा मादी.

अस्थिपंजर

छान सांगितलंत. सर, आता ठोकळ्यावरची ती शाईची कमान बघा. सगळा घोळ त्या शाईत आहे. कपीच्या दातांच्या दोन रांगा मागे जवळजवळ समांतर जातात, आपल्या मागे फाकत जातात. पण त्या तुकड्यात टाळूची मधली रेघच शिल्लक नाही. मधली रेघ नसेल तर उरलेली बाजू आरशात धरून बसवताना ती किती फाकवायची हे बसवणाऱ्याच्या मनावर. ज्याला माणूस हवा होता त्याला माणसाची कमान मिळाली. दाढांचा मुलामा जाड, सुळा लहान, याही माणसासारख्या गोष्टी होत्या. पण जाड मुलामा अनेक कुळांत स्वतंत्रपणे येतो, आणि लहान सुळा मादीचा असू शकतो. ती शाई पुसू नका. शेजारी एक चिठ्ठी लावा आणि मुलांना पट्टीने मोजू द्या.

१५००० च्या चेहऱ्यात काय ओरांगसारखं आहे तेही सांगते, नाहीतर परत ‘दिसतो तसा’ एवढ्यावर राहील. डोळ्यांच्या खोबणी उभट आणि एकमेकींना चिकटून, भुवईवर आडवी पट्टी नाही, चेहरा बाजूने आत वळलेला, आणि नाकाची जमीन टाळूत पायरी न पडता गुळगुळीत उतरते. ही शेवटची खूण मला जास्त विश्वासाची वाटते, कारण तिचा चावण्याशी फारसा संबंध नाही. तरी गंमत संपत नाही. १९९० मध्ये त्याच प्राण्याच्या दंडाची हाडं छापली गेली, ती ओरांगसारखी नव्हती. चेहरा एक सांगतो, दंड दुसरं, आणि वाद अजून चालू आहे.

रांगेबद्दल: नका लावू. गोरिला आपला पणजोबा नव्हे, झिंजची शाखा मागे काही न ठेवता संपली, शिवापिथेकस ओरांगच्या बाजूचा, लोरिस तर सहा कोटी वर्षांहून आधीच वेगळा झालेला. टेबलावर खडूने फांद्या काढा आणि कवट्या टोकांवर ठेवा. लोरिस एकटा एका बाजूला, वानराची जागा रिकामी ठेवून नुसती चिठ्ठी, मग पाचव्याची फांदी, मग गोरिला, आणि टाउंगच्या पुढे फाटा पाडून एकीकडे झिंज, दुसरीकडे जावा. सगळ्या कवट्या उलट्या ठेवता आल्या तर फारच उत्तम, पण मुख्याध्यापक ऐकणार नाहीत.

खडूफळा

मुख्याध्यापकांना विचारलं. दोन उलट्या चालतील म्हणाले, गोरिला आणि झिंज. दोरी लावूनच ठेवतो. दंतफणी सापडली, सहा दात. वन खात्याला अर्ज उद्या.

कृष्णाकाठ

फार दिवसांनी चांगला धागा वाचला. मॅडम, एक राहिलं: नर्मदेची कवटी? ती तर भारतातली. सरांनी तिची प्रत मिळवून जावाशेजारी ठेवावी का?

अस्थिपंजर

मिळाली तर जरूर. ५ डिसेंबर १९८२ ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोऱ्याला, नर्मदेच्या काठच्या गोटेमिश्रित थरात ती मिळाली. सोनकियांनी होमो इरेक्टस म्हटलं. १९९१ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी मोजमापं घेऊन तिला जुन्या वळणाच्या होमो सेपियन्समध्ये टाकलं, कारण मेंदूचा अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर येतो, जावाच्या बराच वर. अंदाज एवढा सैल का, तर हातात झाकणाची मुख्यतः उजवी बाजू आहे. दात नाहीत, जबडा नाही. शेजारी ठेवाल तेव्हा दोन्ही मागून दिसतील अशी ठेवा: जावा खाली कानांपाशी सर्वांत रुंद आहे आणि वर निमुळता होत जातो, नर्मदेच्या बाजूच्या भिंती त्यामानाने उभ्या चढतात. चिठ्ठीवर जातीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाका.